नेटवर्क सिम्युलेशनची सुरुवात: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी

व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) पाचव्या सेमिस्टरला कॉम्प्युटर नेटवर्क्स आले की लॅबमध्ये एक प्रश्न गेली कित्येक वर्षे ठरलेला आहे. तीन नोड (नेटवर्कमधली यंत्रे) घ्या, पॉइंट-टू-पॉइंट लिंकने जोडा, क्यूचा, म्हणजे पॅकेटच्या रांगेचा, आकार ठरवा, बँडविड्थ (लिंकचा वेग) बदलत जा आणि किती पॅकेट (डेटाचे तुकडे) ड्रॉप झाली, म्हणजे रांगेत जागा नसल्याने टाकून दिली गेली, ते काढा. बेळगावच्या कॉलेजांत खानापूर, निपाणी, चिकोडीपासून पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजपर्यंतची मुले येतात. त्यातली बरीचशी सीनियरकडून आलेला प्रोग्रॅम टाइप करतात, स्क्रीनवरचा आकडा रेकॉर्डमध्ये उतरवतात आणि सही घेतात. तो आकडा तेवढाच का आला, असे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारले की सगळे अडते.

हे अडणे टाळता येते आणि त्यासाठी महागडे मशीन लागत नाही. सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच कृत्रिम नेटवर्क चालवणारा प्रोग्रॅम, रन करण्याआधी उत्तर किती यायला हवे ते कागदावर आकड्यात लिहायचे, एवढी सवय पुरते. पुढे जे सांगतो आहे ते सगळे या सवयीभोवतीच आहे.

कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे

नेटवर्क म्हणजे काय हेच अजून नीट कळले नसेल, तर सिस्कोचे पॅकेट ट्रेसर घ्या. नेटवर्किंग अकॅडमीवर खाते उघडले की ते फुकट मिळते. राउटर उचलून ठेवायचा, केबल जोडायची, आयपी द्यायचा, पिंग करायचे. सबनेटिंग आणि राउटिंग शिकायला यापेक्षा सोपी जागा नाही. संशोधनासाठी मात्र ते नाही, कारण आतले प्रोटोकॉल आपल्याला बदलता येत नाहीत.

जीएनएस-३ आणि मिनीनेट ही इम्युलेटर मंडळी. जीएनएस-३ मध्ये खऱ्या राउटरचे सॉफ्टवेअर चालते, मिनीनेटमध्ये खरे लिनक्स चालते, आणि घड्याळही खरेच असते. सिम्युलेटरमध्ये घड्याळ कृत्रिम असते. तिथले १० सेकंद छोट्या नेटवर्कसाठी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात, आणि शेकडो वायरलेस नोड असले तर तासभरही घेतात. मशीन हळू असले तर वेळ जास्त लागतो, पण उत्तर बदलत नाही. जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

सिम्युलेटरमध्ये एनएस-२, एनएस-३ आणि ओम्नेट++ ही तीन नावे सगळ्यात जास्त कानावर पडतील. ओम्नेट++ शैक्षणिक कामासाठी फुकट आहे, त्याची चित्रमय खिडकी सुरेख आहे आणि आयनेट हा त्याचा प्रोटोकॉलसंच भक्कम आहे. बेंगळुरूच्या टेटकॉस कंपनीचे नेटसिमही काही कॉलेजांकडे असते, पण त्याला लायसन्स लागते. एनएस-२ ची शेवटची आवृत्ती, २.३५, २०११ साली आली, त्यानंतर त्यावरचे काम थांबले. तरी लॅबमध्ये ते अजून भेटते, आणि त्याची ट्रेस फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेटची नोंदवही, वाचायला शिकणे फायद्याचे आहे. एका ओळीत बारा रकाने असतात. पहिल्या रकान्यात अधिक चिन्ह असेल तर पॅकेट क्यूत शिरले, उणे असेल तर क्यूतून निघाले, आर असेल तर पोचले, डी असेल तर ड्रॉप झाले. डी-च्या ओळी मोजणारी ऑकची (फाइलमधल्या ओळी छाननाऱ्या लिनक्सच्या साधनाची) एक ओळ लिहिली की लॅबचे उत्तर हातात.

नव्याने सुरू करणाऱ्याने आज एनएस-३ च घ्यावे. ते २००८ पासून उपलब्ध आहे, अजून जोमाने वाढते आहे, जीपीएल लायसन्सखाली फुकट आहे, आणि सी++ येत असेल तर वेगळी भाषा शिकावी लागत नाही. यापुढचे सगळे एनएस-३ धरून लिहितो.

मशीनवर चढवणे

लॅबमध्ये विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) चालू करून त्यात उबंटू टाका. मशीन फारच जुने असेल तर विंडोजच्या शेजारी सरळ उबंटूच टाकावे, व्हर्च्युअलबॉक्सच्या मागे लागू नये. जी++, पायथन-३ आणि सीमेक ही तीन साधने आधी बसवा. मग एनएस-३ च्या अधिकृत साइटवरून चालू आवृत्ती उतरवा. गावाकडे नेटवर्क धड नसते, म्हणून हे काम कॉलेजात उरकून पेनड्राइव्हवर घेऊन जावे.

कॉन्फिगर करताना एक्झाम्पल्स आणि टेस्ट्स चालू ठेवा, मग बिल्ड करा, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करा. चार जीबी रॅमच्या मशीनवर बिल्ड मध्येच मेले तर घाबरू नका. एका वेळी एकच काम चालवण्याची सूचना द्या आणि चहाला जा, वेळ लागेल पण पूर्ण होईल. २०२२ पासून बिल्डसाठी सीमेक आले आहे. त्याआधीच्या व्हिडिओंमध्ये वॅफ या जुन्या बिल्ड साधनाच्या आज्ञा दिसतात, त्या नव्या आवृत्तीत चालत नाहीत. यूट्यूब बघून शिकणाऱ्यांची पहिली ठेच इथेच लागते.

शिकताना ऑप्टिमाइझ्ड प्रोफाइल निवडू नका. त्यात लॉग बंद होतात, प्रोग्रॅम बिनबोभाट चालून संपतो आणि स्क्रीन कोरीच राहते. मोठे रन करायची वेळ आली की मग ते वापरावे.

पहिला प्रोग्रॅम: आधी कागद

ट्युटोरियलच्या फोल्डरमध्ये फर्स्ट नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याची प्रत स्क्रॅच फोल्डरमध्ये घ्या आणि तिच्यावरच काम करा. त्यात दोन नोड आहेत, मध्ये ५ एमबीपीएसची लिंक, डीले २ मिलिसेकंद. घड्याळात २ सेकंद झाले की क्लायंट १०२४ बाइटचे एक पॅकेट पाठवतो, सर्व्हर तेच परत पाठवतो.

आता रन करू नका. पॅकेट सर्व्हरला किती वाजता पोचेल?

१०२४ बाइट हा नुसता पेलोड, म्हणजे आतला माल. त्यावर यूडीपी, आयपी आणि पीपीपी या तीन प्रोटोकॉलांची हेडरे, अनुक्रमे ८, २० आणि २ बाइट, चढतात. एकूण १०५४ बाइट, म्हणजे ८४३२ बिट. ५ एमबीपीएसने ते तारेवर उतरवायला १.६८६४ मिलिसेकंद लागतात. त्यात २ मिलिसेकंदांचा प्रवास मिळवा: ३.६८६४. म्हणजे सर्व्हरच्या घड्याळात २.००३६८६४ सेकंद, आणि परत यायला तेवढेच, म्हणून क्लायंटकडे २.००७३७२८.

आता रन करा. स्क्रीनवर सर्व्हरपुढे २.००३६९ आणि क्लायंटपुढे २.००७३७ दिसेल. हा ताळा जुळताना बघितला की मुलांचा चेहराच बदलतो. सिम्युलेटर म्हणजे जादूची पेटी नाही, आपणच दिलेल्या नियमांवर तो बेरजा करतो आहे, हे त्या क्षणी कळते. यूडीपी हेडर ८ बाइटचे असते हे वाक्य पुस्तकात वाचलेले असते, इथे ते मोजून मिळते. पीकॅप ट्रेसिंग (तारेवरची पॅकेट फाइलमध्ये साठवणे) चालू करून ती फाइल वायरशार्क या पॅकेट बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. फ्रेमची लांबी १०५४ दिसेल.

डीलेबद्दलही विचार करा. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. २ मिलिसेकंद म्हणजे ४०० किलोमीटरची तार झाली. निपाणी ते बेळगाव अंतर साधारण ७५ किलोमीटर, त्याला ०.४ मिलिसेकंदही पुरे. नकाशावर कॉलेजचे दोन कॅम्पस दाखवायचे आणि लिंकला ५० मिलिसेकंद डीले द्यायचा, असले प्रोजेक्ट रिपोर्ट दरवर्षी येतात. आकडा कुठून आणला, हे सांगता आलेच पाहिजे.

निपाणी–बेळगाव–खानापूर

आता लॅबचा तो प्रश्न. तीन नोडना आपल्याच गावांची नावे द्या. निपाणी ते बेळगाव लिंक १० एमबीपीएस, बेळगाव ते खानापूर १ एमबीपीएस. निपाणीहून खानापूरला यूडीपी क्लायंटने दर ५ मिलिसेकंदांना एक पॅकेट सोडायचे, १० सेकंद. पेलोड ९७० बाइट ठेवा, म्हणजे ३० बाइटची हेडरे मिळून तारेवर नेमके १००० बाइट होतात आणि हिशेब तोंडी करता येतो. बेळगावच्या बाहेर जाणाऱ्या क्यूची मर्यादा ६० पॅकेट.

कागद घ्या. १० सेकंदांत २००० पॅकेट येणार. १ एमबीपीएसची लिंक १००० बाइटचे पॅकेट ८ मिलिसेकंदांत काढते, म्हणजे सेकंदाला १२५, १० सेकंदांत १२५०. सेकंदाला २०० येतात, १२५ जातात, ७५ साठतात. ६० ची क्यू ०.८ सेकंदांत भरते आणि तिथून पुढे ड्रॉप सुरू होतात. एकूण ड्रॉप: २००० वजा १२५० वजा ६०, म्हणजे सुमारे ६९०. तारेवर असलेल्या पॅकेटमुळे एखाद-दुसऱ्याचा फरक पडेल, तो चालतो.

पहिल्यांदा रन केल्यावर बहुधा ६९० येणार नाही, शून्य येईल. इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला: यूडीपी क्लायंटमध्ये जास्तीत जास्त पॅकेटची मर्यादा न सांगितल्यास १०० असते. १०० पॅकेट अर्ध्या सेकंदात संपतात, तोवर क्यूत चाळीससुद्धा साठत नाहीत, मग ड्रॉप कुठून होणार? मर्यादा २००० करा.

दुसरा खड्डा जास्त खोल. नोडना आयपी पत्ते दिले की एनएस-३ डिव्हाइसच्या क्यूवर स्वतःहून आणखी एक क्यू बसवतो. तिला क्यू डिस्क म्हणतात, आणि सध्या तिथे साधी फिफो (आधी येईल तो आधी जाईल) नसून एफक्यू-कोडेल नावाची हुशार क्यू असते. खालची क्यू भरली की पॅकेट वरच्या क्यूत थांबतात. तुम्ही खालच्या क्यूचे ड्रॉप मोजत बसता आणि ते होतच नाहीत. खऱ्या लिनक्समध्येही रचना अशीच आहे, म्हणून एनएस-३ चे चुकले असे म्हणता येत नाही. आपल्या प्रयोगासाठी मात्र पत्ते देऊन झाल्यावर ट्रॅफिक कंट्रोल हेल्पर वापरून बेळगावच्या डिव्हाइसवरची ती क्यू डिस्क काढून टाका. आता ६९० च्या आसपास आकडा येईल.

कागदावर अंदाज लिहिला नसता, तर शून्य हा आकडा रेकॉर्डमध्ये गेला असता आणि त्यावर सहीसुद्धा झाली असती.

पुढे बँडविड्थ बदला. खानापूर लिंक १.२ केली तर ड्रॉप ४४०, १.४ केली तर १९०, १.६ ला शून्य. आलेख सरळ रेषेत खाली येतो. मग लिंक पुन्हा १ वर आणा आणि क्यू दुप्पट करा, १२०. किती फरक पडेल? बरीच मुले सांगतात, ड्रॉप निम्मे होतील. हिशेब सांगतो ६३०. फक्त ६० वाचले. उलट शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटला आधी ४८० मिलिसेकंद थांबावे लागत होते, आता ९६०. सीझनमध्ये साखर कारखान्याचे आवार वाढवले म्हणून गव्हाण जास्त ऊस ओढत नाही, ट्रॅक्टरच्या रांगा तेवढ्या लांबतात, तसेच हे. व्हिडिओ कॉलवर आवाज एक सेकंद उशिरा का येतो, याचे एक मोठे कारण अशी फुगलेली क्यू असते. फ्लो मॉनिटर हे मॉड्यूल जोडले तर हरवलेली पॅकेट आणि सरासरी डीले दोन्ही एकत्र मिळतात. दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढा.

यूडीपी समजल्यावर टीसीपीकडे वळा. तिथे कंजेशन विंडोचा, म्हणजे पोच न मिळता एका वेळी किती डेटा पाठवायचा या मर्यादेचा, आलेख काढायचा असतो. एक लक्षात ठेवा: एनएस-३ मध्ये टीसीपीचा सेगमेंट (डेटाचा एक तुकडा) मुळात ५३६ बाइटचा असतो. इथरनेटसारखे १४४८ किंवा १४६० हवे असतील तर ते सांगावे लागते. एनएस-२ मध्ये विंडोची मर्यादा मुळातच २० पॅकेट असते, त्यामुळे कंजेशन विंडो आलेखात वर वर जाते पण पाठवण्याचा वेग काही वाढत नाही. मुले यावर तासन्‌तास डोके खाजवतात.

संशोधनाला हात घालताना

पीएचडीला नाव घातलेल्या पुष्कळ जणांचे पहिले वर्ष सिम्युलेटर शिकण्यात जाते. तसे होऊ देऊ नका. आधी प्रश्न ठरवा, मग त्या प्रश्नापुरते सिम्युलेटर शिका.

एनएस-३ मधला सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा, मुळात स्थिर असतो. तोच प्रोग्रॅम दहा वेळा चालवला तरी दहाही वेळा तेच उत्तर येते, आणि त्यांची सरासरी काढून काही साधत नाही. सीड तसाच ठेवा आणि दर वेळी रन नंबर बदला. निदान दहा, जमल्यास तीस रन घ्या. सरासरीसोबत ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी तो पट्टा) द्या. दहा रन असतील तर त्यासाठी टी-तक्त्यातली किंमत २.२६२ धरायची. सुरुवातीचा, नेटवर्क स्थिरावण्याआधीचा भाग मोजणीतून वगळा. रँडम वेपॉइंट (नोड कुठल्याही दिशेने फिरवण्याचे मॉडेल) वापरत असाल तर किमान वेग शून्य ठेवू नका. ठेवलात तर नोडचा सरासरी वेग उतरतच जातो आणि नेटवर्क कधी स्थिरावतच नाही.

हे नियम नीट पाळले जात नाहीत, हा जुना रोग आहे. २००५ मध्ये कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी मोबीहॉक या नामवंत परिषदेतले १५१ निबंध तपासले. त्यातल्या ११४ निबंधांत सिम्युलेशन होते, आणि पुन्हा करून बघता येतील असे १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. सिम्युलेटरची आवृत्ती, रनची संख्या, सुरुवातीचा वगळलेला काळ, असल्या साध्या गोष्टीसुद्धा लिहिलेल्या नव्हत्या. तुमच्या प्रबंधात हे सगळे एका तक्त्यात असू द्या. पैसे लागत नाहीत, आणि परदेशातल्या मोठ्या लॅबपेक्षा तुमचे काम जास्त विश्वासाचे ठरू शकते.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात ऊस आहे, आणि पाण्यासाठी जमिनीत सेन्सर बसवायची कल्पना पुष्कळांच्या डोक्यात आहे. त्यासाठी लोराचे, म्हणजे कमी विजेत लांबवर जाणारे, रेडिओ वापरतात आणि त्यांच्या नेटवर्कचे, लोरावॅनचे, मॉड्यूल एनएस-३ साठी तयार मिळते. पण ते युरोपातल्या लोकांनी लिहिलेले आहे. त्यातले चॅनल ८६८ मेगाहर्ट्झचे आहेत आणि एक टक्का ड्यूटी सायकलचे, म्हणजे एकूण वेळेच्या एक टक्क्याहून जास्त वेळ न बोलण्याचे, बंधन धरलेले आहे. भारतासाठी लोरावॅनचे तीन मूळ चॅनल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ, आणि लोरावॅनच्या भारतीय आराखड्यात ते ड्यूटी सायकलचे बंधन नाही. मॉड्यूल जसेच्या तसे वापरले तर निकाल इटलीच्या शेताला लागू होईल, रायबागच्या नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट सिग्नलच्या घसरणीची. एनएस-३ चे लॉग-डिस्टन्स मॉडेल घसरणीचा घातांक (अंतर वाढले की सिग्नल किती वेगाने पडतो तो आकडा) ३ धरते. मोकळ्या माळावर तो कमी असतो, ऊस डोक्यावर गेला की वाढतो, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात आणखी वेगळा. हा किरकोळ फरक नाही. एक किलोमीटरवर, पहिल्या मीटरच्या तुलनेत, घातांक २.७ धरला तर ८१ डेसिबल घसरण आणि ३.५ धरला तर १०५. मधले २४ डेसिबल म्हणजे पॉवरमध्ये अडीचशे पट फरक. एका मॉडेलमध्ये गावाच्या टाकीवरचा एक गेटवे (सेन्सरचे सिग्नल गोळा करणारे यंत्र) सगळ्या शिवाराला पुरतो, दुसऱ्यात लांबची शेते ऐकूच येत नाहीत.

म्हणून लोराचे दोन स्वस्त बोर्ड घ्या आणि शेतात जा. उसाची लागण झाल्यावर एकदा, ऊस उंच झाल्यावर एकदा, ५० मीटरच्या टप्प्यांनी सिग्नल मोजा. अंतराच्या लॉगसमोर घसरण मांडली की रेषेच्या चढावरून तुमचा घातांक निघतो. तो सिम्युलेटरमध्ये घाला. हे मोजमाप बोस्टनमधला संशोधक करू शकत नाही, तुम्ही करू शकता.

शिकवणाऱ्यांसाठी थोडे

आपल्याकडच्या बॅचमध्ये दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुले असतात, शेजारच्या बाकावर कन्नड माध्यमातली. परीक्षा इंग्रजीत. क्यू, ड्रॉप, डीले, बँडविड्थ हे शब्द तसेच राहू द्या, पण का झाले हे ज्याला ज्या भाषेत सांगता येईल त्या भाषेत सांगू द्या. मराठीत नीट सांगता आले की तेच इंग्रजीत बसवायला दोन व्हायव्हांचा सराव पुरतो. मुळात समजलेच नसेल तर पाठ केलेले इंग्रजी दुसऱ्या प्रश्नाला गळून पडते.

सगळ्यांना एकच इनपुट देऊ नका. पहिल्या बाकाला क्यू २०, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ६०, असे वाटून द्या आणि प्रत्येकाचा बिंदू फळ्यावर काढा. मशीन कमी असली तरी तासाभरात पूर्ण आलेख तयार होतो, आणि कॉपी करायला जागा उरत नाही. एखादा बिंदू रेषेबाहेर पडला तर तो पुसू नका, त्या बाकावर सगळ्यांना घेऊन जा. कारण बहुतेक वेळा वर सांगितलेल्या दोन खड्ड्यांपैकीच एक असते, आणि ते मुलांनी स्वतः शोधलेले बरे.

रेकॉर्ड तपासताना प्रोग्रॅमला कमी आणि आधी लिहिलेल्या अंदाजाला जास्त गुण ठेवा, अंदाज चुकला असला तरी. चुकलेल्या अंदाजाखाली फरक का पडला याच्या चार ओळी असतील, तर पूर्ण गुण द्या.